अक्काचं पथ्य

माझी थोरली बहीण अक्का म्हणजे आमच्या घरातलं हायकोर्ट. माझं लिव्हर कामातून गेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "तुकडा देणार कोण?" मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मी. आजवर यालाच तर देत आलेय सगळं!" तिच्या तपासण्याही झाल्या, सगळं जुळलं.

"तोवर पथ्य सांभाळा," डॉक्टर म्हणाले. झालं! हा शब्द अक्काच्या हाती लागला आणि माझ्या ताटातला एकेक जिन्नस पसार झाला. मीठ कमी, ते ठीक होतं. पण दूध गेलं, अंडी गेली, तेलाचा थेंब दिसेना. मी पडलो शिंपी. कापड कापताना कात्री पेलवेना. तरी अक्का खूश! का, तर वजन तसूभरही उतरलं नव्हतं.

पुढच्या खेपेला हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझा दंड चिमटीत धरला. "मास्तर, हे वजन पोटातल्या पाण्याचं. मांस कुठंय?" मग मूठ आवळायचं एक यंत्र दिलं. दातओठ खाऊन आवळलं, तरी काटा जेमतेम हलला. बाई म्हणाल्या, "असे टेबलावर गेलात तर जखम लवकर भरायची नाही, इन्फेक्शनची भीती. ताकद येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलू."

अक्का तडकली. "अहो, डोळ्यांत तेल घालून पथ्य पाळलंय मी!"

"पथ्य म्हणजे उपास नव्हे हो. यांचं पथ्यच मुळी खाण्याचं. थोडं थोडं, पण सारखं. झोपतानासुद्धा."

बाहेरच्या बाकावर अक्का मटकन बसली. "अरे, मीच उपाशी मारत होते रे तुला!"

"मग आता खाऊ घालून मार," मी म्हटलं.

तिनं ते मनावर घेतलं! मशीनवर बसलो की दूध, काजं करून होईतो अंडं. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत असलो तरी मागून हुकूम, "आ कर!" बाप रे, नको नको झालं. पण हळूहळू दंड भरले. पुन्हा यंत्र आवळलं, काटा सरसर चढला आणि ऑपरेशनची तारीख ठरली.

तारीख घेऊन निघालो तेव्हा लिफ्टमध्ये अक्कानं माझी बाही घट्ट धरून ठेवली.

"घाबरलीस? अजूनही वेळ आहे, नाही म्हण. मी रागावणार नाही, शपथ."

"घाबरणार नाही तर काय!" ती खेकसली. "पण तू नसलास तर मी ओरडू कुणावर?"

आणि भरल्या लिफ्टमध्ये आम्ही दोघंही हमसून हमसून रडलो.