सुन्याची कॅसेट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढेही नाही — देवापुढे उभा राहिलो की भलतंच काहीतरी मागतो आणि निघतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

सुन्या माझा लहानपणापासूनचा दोस्त. धसईच्या बाजारात त्याने टीव्हीगेमची टपरी टाकली होती. त्याचा मामा जहाजावर कामाला. त्याने बाहेरदेशातून मारामारीच्या गेमची एक अस्सल कॅसेट आणून दिली होती. टपरीतल्या बाकीच्या सगळ्या नकली. त्या एका गेमसाठी पोरं रांग लावायची, कधीकधी भाजी विकून झालेले बापेसुद्धा. पुढे मोबाइल आले, टपरी बसली. आणि मग सुन्या काविळीने गेला. तिशीही गाठली नव्हती त्याने.

टपरीतलं सामान विकलं गेलं. कॅसेट मात्र काकीने, म्हणजे त्याच्या आईने, ठेवून घेतली. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळा, नांगराचा फाळ पाटावर मांडून पूजतात. काकी त्यांच्यात ती कॅसेट मांडायची. "माज्या सुन्याचं हत्यार हेच," म्हणायची. हळद लावायची, कुंकू लावायची. सुन्याच्या वाटणीचा झेंडू मी वाहायचा, असं तिनेच ठरवलेलं.

आता पुढचं. सांगायलाच बसलोय ना?

मी आटगावजवळ एका गोदामात कामाला आहे. सहा वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर जुन्या गेमच्या शौकिनांचा एक ग्रुप दिसला. त्यात तीच कॅसेट. तेच निळं लेबल, तीच न वाचता येणारी अक्षरं. खाली किंमत — माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. डबा तसाच राहिला.

काकीला सांगता आलं नसतं का? तिची वस्तू, तिने ठरवलं असतं. पण ती नाही म्हणाली असती — आणि खरं सांगू? मला तेच ऐकायचं नव्हतं.

कल्याणहून तसल्याच रंगाची एक नकली कॅसेट आणली. घरी दार लावून तिला हळद-कुंकू लावलं, जुनं दिसावं म्हणून अंगठ्याने घासलं. मग काकीकडे गेलो. आतून बुरशी धरलीय, साफ करून आणतो म्हटलं. तिने चहा केला, कॅसेट फडक्यात गुंडाळून दिली. दोन दिवसांनी त्याच फडक्यात मी नकली नेऊन दिली. तिने ती कपाळाला लावली.

घेणारा ठाण्याचा. भिंग लावून बघत होता. लेबलवर हा लाल डाग कसला, म्हणाला. मी म्हटलं, शाई असेल. त्याने डागाचे पैसे कापले. मी हुज्जत घातली — एवढाच तर डाग आहे, असं म्हणालो. काकीच्या कुंकवावरून मी घासाघीस केली. चोरीपेक्षाही हे मला जास्त आठवतं. का, ते माहीत नाही.

घरात कोणी आजारी होतं का? नव्हतं. कुणाचं देणंही नव्हतं. त्या पैशांत मी मोरीला लाद्या बसवल्या आणि नवा मोबाइल घेतला.

दरवर्षी जातो मी तिच्याकडे. गेल्या दसऱ्याला कॅसेट पाटावर ठेवताना काकी थांबली. "ही हलकी लागते रे हल्ली."

"जुनी झाली, काकी. सुकते ती."

प्लास्टिक कधी सुकतं का? पण तिने मान हलवली. मी सांगितलं म्हणजे खरंच असणार, एवढा तिचा माझ्यावर भरवसा. मग म्हणाली, "मी गेली की ही तूच ने. तुज्याबिगर कोण सांभाळणार? दुसरा कोणी नाय रे त्याचा."

मी हो म्हटलं.

काकी अजून आहे. डोळ्यांना कमी दिसतं, बाकी ठणठणीत. तिचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी अजून तिला सांगितलेलं नाही.