रांगोळीला वळसा

महापालिकेनं इंटरनेटची केबल टाकायला आमची विणकरांची गल्ली खणली, तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच बाहेर आलो. पहार घेतलेला एक मजूर दर उंबऱ्यापाशी थांबून, "खणतो हां," म्हणून घरच्यांना सांगत होता. शेजारच्या तेलुगू आजींची रांगोळी आली, तसा त्यानं चर बाजूनं वळवला.

मुकादम वैतागला. "सरळ खण की. उद्या परत काढतील त्या."

"उद्याची उद्या काढतील. ही आजची हाय की," तो म्हणाला, टॉवेलनं कपाळ पुसून पुन्हा वाकला.

तो परत कधी दिसला नाही. सिमेंटचा वळसा तेवढा राहिलाय. सुरतेला दिलेली आजींची लेक आता रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर रांगोळी बघते आणि ठिपका चुकला की आईला तेलुगूत रागावते.