सखीरच्या तंबूतले रेमंडकाका

तंबूचा खुंटा ठोकण्याआधी रेमंडकाका चपला काढायचे आणि त्या जागेवर दोन मिनिटं अनवाणी उभे राहायचे. वाळू खालून घट्ट आहे की पोकळ, हे म्हणे तळपायाला कळतं. आम्ही बहरीनमधल्या सनद आणि मनामातली आठ मराठी कुटुंबं, बहुतेक इंजिनीअर नाहीतर अकाउंटंट, हातात दोऱ्या धरून ताटकळत असायचो. मग काका म्हणायचे, "यल्ला, ठोका."

हिवाळा आला की सखीरच्या वाळवंटात तंबूंचं गावच वसतं. शेजारी बहरीनी कुटुंबांचे गालिचे, जनरेटरची घरघर, वाळूत गाड्या उडवणारी पोरं. आपण नसताना शेजारचे सरकत सरकत आपल्या जागेत येतील, ही आमची कायमची धास्ती. काका वसईचे, एका हॉटेलात बावीस वर्षं मेंटेनन्सला. गेल्या मोसमात त्यांनी आपणहून सांगितलं, की आठवडाभर तंबू मी सांभाळतो, ड्यूटीला इथूनच जाईन. आम्हाला काय, तेच हवं होतं. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की शनिवारी संध्याकाळी उरलेला पुलाव त्यांच्या हवाली करून आम्ही निघायचो. काकांना कॅम्पिंगचं भारी वेड, असं म्हणून गाडीत हसायचोसुद्धा. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, मुलाचा चष्मा राहिला म्हणून मी दुपारी एकटीच तिकडे गेले. तंबूत शिरले आणि जागीच थिजले. दोरीवर बनियन वाळत होते, खांबाला दाढीचा आरसा, कोपऱ्यात दोन फुगलेल्या सुटकेसी. मधोमध खुर्चीत काका हॉटेलचा गणवेश घालून, भांग पाडून बसले होते.

"काका, आज ड्यूटी नाही?"

"ड्यूटी ऑगस्टलाच खलास झाली," ते म्हणाले. "खोली पण गेली. व्हिसा आहे अजून महिनाभर. तोवर काम मिळेल, इंशाल्ला."

आठ घरं आमची, आणि हा माणूस आमच्यासमोर वाळूत दिवस काढत होता. वसईत त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. कळलं तर ती परीक्षा सोडून नोकरी धरेल, ही त्यांची भीती. रोज चारला घरचा व्हिडिओ कॉल यायचा, त्याआधी ते गणवेश चढवून बसत. कुणाला सांगू नकोस, एवढंच त्यांनी मागितलं. मी कशीबशी मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजलाच. काका हसत बोलू लागले, आज लिफ्ट बिघडली, फार धावपळ झाली वगैरे. इतकं सराईत खोटं ऐकून मी हबकलेच. वर हॉटेलातल्या मॅडम म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

पडद्यावर काकी होत्या, त्यांची बायको. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, त्यांना घरी पाठवा ओ. दोन महिने बघते मी, यांच्या मागची भिंत वाऱ्याने हलते. पोरीला पण माहीत आहे. तिने परीक्षा सोडलेली नाही, सांगा त्यांना."

काकांनी ते ऐकलं होतं. फोन परत घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. गणवेशाची बटणं सोडवत ते वाळूवर बसले.

पुढच्या गुरुवारपर्यंत सगळ्यांना खरं कळलं होतं. त्या दिवशी त्यांना सोडायला आम्ही आठही कुटुंबं विमानतळावर गेलो, आणि एकालाही त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.