हातिमशेठकडची डबल बॅरल

सव्वीस वर्षं पलटणीत काढून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि माझी पुढची पोस्टिंग तळोज्याला निघाली. शत्रू : भंगारचोर. फौज : डझनभर वॉचमन, त्यातले निम्मे कायम झोपलेले. एका केमिकल कंपनीच्या गेटवर मी सिक्युरिटी सुपरवायझर झालो होतो. नव्वदीची सुरुवात होती. नेरूळला सिडकोचा फ्लॅट घेतला होता. सोसायटीत सगळे मला 'मेजरसाब' म्हणायचे. मी दुरुस्त करायचो, पण फार जोर लावून नाही.

गेटवर डे शिफ्टला हवालदार नामदेव तांडेल असायचा. करावे गावचा, माझ्याच जुन्या सेक्शनचा. एके काळी पलटणीतला पहिल्या नंबरचा नेमबाज आणि आमची एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणारा. उजवा डोळा नोकरीतच गेला. तिथे काचेचा बसवला होता. कंपनीत गनमॅनची जागा रिकामी झाली तेव्हा पगार जास्त म्हणून मी त्याला म्हणालो, "नामा, मॅनेजरशी बोलतो. डोळ्याचं बघू काहीतरी."

"साहेब, मना काठीच बरी हाय."

विषय संपला. डोळा गेला त्या दिवसापासून त्याने हत्याराला हात लावला नव्हता. पगाराच्या दिवशी बँकेच्या गाडीबरोबर येणारा शिपाई बंदूक भिंतीला टेकवून चहा प्यायचा. नामा तेवढा वेळ आपली खुर्ची उचलून गेटच्या पलीकडे जाऊन बसायचा.

आता माझा पहिला मूर्खपणा. नेरूळच्या मागे एक बंद पडलेली दगडखाण होती. तिथे काही हौशी लोकांनी शूटिंगचा क्लब काढला होता. मशीनमधून मातीची तबकडी उडते, ती बारा बोअरच्या शॉटगनने हवेत फोडायची. क्लबचे सेक्रेटरी जहाजावरचे निवृत्त इंजिनियर, आमच्याच सोसायटीतले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मेजरसाब, या वर्षी माजी सैनिकांच्या जोड्यांची मॅच ठेवतोय. येणार का?"

हातात जिलेबी होती, समोर पन्नास माणसं होती. मी म्हणालो, "लिहा दोन नावं. सुभेदार मी, आणि हवालदार तांडेल."

दुसऱ्या दिवशी गेटवर नामाला सांगितलं. तो रजिस्टरमध्ये ट्रकचा नंबर लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "माझा नाव खोडा."

"नामा, फक्त मातीच्या तबकड्या..."

"खोडा, साहेब."

मी खोडलं नाही. म्हटलं, आधी बंदूक घेऊ, मग बघू. लायसन्स होतं, बंदूक नव्हती. सरकारने विश्वास दाखवला होता, खिशाने नाही. बायकोने बाल्कनीच्या ग्रिलसाठी पैसे बाजूला ठेवले होते. त्यावर माझी नजर गेली.

"अहो, चोर आला तर?" सुनंदा म्हणाली.

"म्हणून तर बंदूक घेतोय."

"आणि चोर बंदूकच घेऊन गेला तर?"

मी पनवेलची बस पकडली.

पनवेलला हातिमशेठचं बंदुकांचं जुनं दुकान होतं. रानडुकरांपासून भात राखणारे शेतकरी त्यांच्याकडून काडतुसं न्यायचे. शेठ सत्तरीचे, सोनेरी टोपी, अत्यंत सभ्य बोलणं. त्यांनी आधी मला बसवलं, चहा मागवला, मग विचारलं, "साहब, मॅच के लिए चाहिए ना? तो पहिले ऐकून घ्या."

त्यांनी जे सांगितलं ते आजही कुणी विचारलं तर मी जसंच्या तसं सांगतो. नवी कोरी परदेशी बंदूक सामान्य माणसाने विसरावी. एक नळीची स्वस्त, पण मॅचला दुसरी नळी हवी. आपल्याकडच्या सरकारी कारखान्यातली डबल बॅरल जड आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण बिघडली तर पार्ट मिळतो आणि काडतूस कुठेही मिळतं. जुनी विलायती घ्यायची तर नळ्या काढून सुतळीने टांगायच्या आणि हलकेच टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत. भद्द आवाज आला तर हात जोडून परत द्यायची. बंद केल्यावर बंदूक खुळखुळता कामा नये. चेंबरची लांबी आपल्याकडच्या काडतुसाला चालते का, हे मोजून घ्यायचं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट..." ते म्हणाले.

तेवढ्यात मला भिंतीवरची एक जुनी विलायती डबल बॅरल दिसली. अक्रोडाचा दस्ता, बारीक कोरीवकाम. मी ती मागितली. टिचकी मारली, देवळातल्यासारखा नाद. नळ्यांतून उजेडाकडे बघितलं, आरसा. खुळखुळ नाही. घोडा स्वच्छ. किंमत ऐकली तर सरकारी डबल बॅरलपेक्षाही कमी.

"इतकी स्वस्त?"

"साहब, हिला गिऱ्हाईक मिळत नाय. जरा अलग है. खांद्याला लावून बघा, मी सांगतो..."

"हातिमशेठ, खांदा फौजी आहे. ॲडजस्ट होईल."

त्यांनी आणखी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी त्यांना रायफलबद्दल माहिती दिली. शेवटी त्यांनी मुकाट्याने पावती फाडली.

सिव्हिलियन मंडळींसाठी एक गोष्ट सांगायला हवी. रायफलला माशी असते, साइट असतं, एक डोळा मिटून शांतपणे नेम धरायचा असतो. शॉटगनमध्ये तसं काही नाही. दोन्ही डोळे उघडे, नजर उडत्या तबकडीवर, आणि बंदूक आपोआप नजरेच्या मागे आली पाहिजे. म्हणजे तुमचा डोळाच साइट. दस्ता गालाला बरोबर बसला नाही तर डोळा भलतीकडे आणि छर्रे भलतीकडे. मला हे माहीत नव्हतं. मी आयुष्यभर रायफल तपासली, आणि बंदूकही रायफलसारखीच तपासली.

खाणीत पहिल्या रविवारी मी ऐटीत उभा राहिलो. "पुल!", म्हणजे सोड तबकडी, असं ओरडलो. तबकडी निघाली, मी फायर केलं, तबकडी सुखरूप जाऊन पलीकडच्या झुडपात उतरली. दुसरी उतरली. तिसरीही. सगळ्या. सेक्रेटरी मागून म्हणाले, "मेजरसाब, डावीकडे जातंय." मी जोर लावून गाल दाबला. दस्त्याने दर फायरला गालावर ठोसा दिला. घरी पोचलो तेव्हा गाल वडापावाएवढा सुजला होता.

"ग्रिलला निदान गाल सुजला नसता," सुनंदा म्हणाली आणि हळदीचा लेप आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक घेऊन हातिमशेठसमोर. त्यांनी माझा गाल बघितला आणि काउंटरवर बंदूक वरून दिसेल अशी ठेवली.

"बघा साहब. दस्ता सरळ आहे का?"

नव्हता. नळ्यांच्या रेषेपासून तो थोडासा डावीकडे वळलेला होता. मुद्दाम, सुबकपणे.

"ही डावखुऱ्या साहेबासाठी बनवली होती. डाव्या खांद्याला, डाव्या डोळ्याला. उजव्या माणसाने मारली तर डावीकडेच जाणार. मी सांगत होतो ना. तुम्ही बोलायला दिलंच नाय."

मग त्यांनी सरकारी कारखान्याची डबल बॅरल काढली. "ही न्या. बदली करून देतो. तुमचाच खांदा आहे हिचा."

मी ती खांद्याला लावली. डोळा आपोआप नळ्यांच्या मध्यावर आला. ओबडधोबड, पण माझी. तिच्याने मी मॅचमध्ये निदान तोंड दाखवण्याइतकं मारलं असतं. ती काउंटरवर ठेवली आणि परत वाकडीकडे बघितलं. डावा खांदा. डावा डोळा.

"हीच राहू द्या," मी म्हणालो.

"साहब, गालाला काय सांगणार?"

करावे गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये कव्हरमधली बंदूक दोन्ही गुडघ्यांत धरून मी बसलो होतो, आणि अर्ध्या वाटेत उतरून परत जावं असं वाटत होतं. ते का, हे समजायला आता एक सकाळ सांगावी लागेल.

मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन कमांडर. उत्तरेकडच्या डोंगरात पोस्ट. रोजचं काम ठरलेलं. पहाटे हत्यारं घेऊन मोर्च्यात स्टँड-टू, चहा, मग नाल्यापर्यंतचा रस्ता तपासायचा. त्या सकाळी धुकं होतं. नाल्याच्या वळणावर वरून फायर आलं. आम्ही उघड्यावर होतो. मागे दगडी बांध होता, पण तिथवर पोचायला वेळ हवा होता. नामाने एलएमजी लावली. पहिल्या मिनिटातच त्याच्या समोरच्या दगडावर गोळी आदळली आणि चिरफळ्या त्याच्या उजव्या डोळ्यात गेल्या. एलएमजी बंद पडली.

वायरलेस सेटवर मी पोस्टला कळवलं, "थ्री टू टायगर. काँटॅक्ट. नाल्याचं वळण. एक जखमी. ओव्हर."

"टायगर टू थ्री. एलएमजी क्यों बंद है? ओव्हर."

"वेट. आउट."

मग एलएमजी परत सुरू झाली. मला वाटलं नामा सावरला. तिच्या आडोशाने मी माणसं मागे ओढली. थोड्या वेळाने ती पुन्हा बंद झाली, ती कायमची. कुमक आल्यावर पुढे एलएमजीपाशी गेलो. नामा बाजूला पडला होता, चेहरा रक्ताने भरलेला, हातात भरलेली मॅगझीन. एलएमजीच्या मागे सिपाही बबन साळुंखे होता. नामाचा नंबर टू, त्याला मॅगझीन भरून देणारा. गोळी गळ्यातून गेली होती.

एलएमजी बंद पडली आणि परत सुरू झाली, त्या मधल्या वेळात काय घडलं हे नामाने कधी सांगितलं नाही. चौकशीत म्हणाला, आठवत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. आणि आता मी त्याच्या दारात डाव्या डोळ्याची बंदूक घेऊन चाललो होतो.

नामा ओट्यावर बसून जाळं शिवत होता. कव्हर बघितलं आणि त्याचा हात थांबला. मी बंदूक काढली, दस्ता दाखवला, कशासाठी बनवली ते सांगितलं. तो उठून उभा राहिला.

"तुमी ही माझ्यासाठी आनली? मुद्दाम?" आवाज चढला होता. "माझी दया आली तुमाला?"

"नामा, आईशपथ. मी ती स्वतःसाठी घेतली. शेठ सांगत होते, मी ऐकलं नाही. काल सगळ्या तबकड्या सोडल्या. हा गाल बघ."

त्याने गाल बघितला. बराच वेळ बघितला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"तुमीच करनार असं," तो हसत म्हणाला. "तुमीच!"

माझ्या पराक्रमावर पलटणीत कुणाचा किती विश्वास होता माहीत नाही. माझ्या मूर्खपणावर नामाचा पूर्ण विश्वास होता. त्या दिवशी तोच कामी आला. त्याने हात पुढे केला. बंदूक उघडली, दोन्ही चेंबर रिकामे आहेत ते बघितलं, नळ्यांतून खाडीकडे नजर टाकली. मग डाव्या खांद्याला लावली. बंदूक अशी बसली की जणू तिथेच असायची. आत त्याची बायको भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

"रविवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

आम्ही दोन रविवार सराव केला. बंदूक एकच, लायसन्स माझं, म्हणून मी कायम शेजारी उभा. आधी तो मारायचा, मग मी. मी उजवीकडे हातभर सोडून मारायला शिकलो, तेव्हा कुठे अधूनमधून एखादी तबकडी फुटायला लागली. नामाच्याही सुरुवातीला चुकल्या. मग फुटायला लागल्या. तो काडतुसं वेचायचा, नळ्या पुसायचा, घरी जायचा.

मॅचला आम्ही शेवटून दुसरे आलो. ते श्रेय पूर्ण माझं. शेवटचे कोण होते ते सांगत नाही, त्यातला एक अजून आमच्या सोसायटीत राहतो.

नामाची शेवटची तबकडी उजवीकडून वेगाने निघाली आणि खाणीच्या कड्यावर पोचायच्या आत धूळ झाली. मागे टाळ्या वाजल्या. त्याने बंदूक उघडली, रिकामी काडतुसं काढली, पण जागेवरून हलला नाही. मी जवळ गेलो.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी मी एलएमजी डाव्या खांद्याला लावली व्हती."

मी काडतुसांची पिशवी खाली ठेवली.

"उजवा डोला गेला, डावा व्हता. म्हटला, डाव्याने मारीन. लय प्रयत्न केला. काय दिसत नव्हता. तवा बबन बोलला, 'उस्ताद, तुम्ही सरका. मी बघतो.' आनि मी सरकलो."

आमच्या त्या जुन्या एलएमजीची मॅगझीन वरून लागते, म्हणून तिचं साइट डाव्या अंगाला असतं, डाव्या खांद्यावर ठेवली तर ते डोळ्यासमोर येतच नाही. डाव्या खांद्यावरून ती कुणालाच चालवता येत नाही. जगातल्या कुठल्याच नेमबाजाला नाही. मी म्हणालो, "नामा, ती डाव्या खांद्याची नव्हतीच. तूच तर पोरांना शिकवायचास."

"डोक्याला माहीत व्हता," तो म्हणाला. त्याने डाव्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याला आज समजला."

"नेक्स्ट पेअर!" सेक्रेटरी ओरडले. आम्ही दोघं बाजूला झालो आणि एका दगडावर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नामा बबनबद्दल बोलत होता, आणि मी ऐकत होतो.

सिपाही बबन साळुंखे. कराडच्या अलीकडचं गाव. पलटणीत येऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती. लंगरमध्ये भाकरी मिळत नाही म्हणून रोज तक्रार करायचा आणि सगळ्यांपेक्षा जास्त चपात्या खायचा. सेटवरची भाषा त्याला कधी जमली नाही, 'ओव्हर' ऐवजी 'बरं का' म्हणायचा. नेमबाजीत कच्चा होता. रेंजवर त्याचं टार्गेट बघून मी त्याला सगळ्यांसमोर बरंच बोललो होतो. त्या सकाळी त्याच्या गोळ्या कुठे लागल्या, कुणाला लागल्या, मला माहीत नाही. त्याने फायर चालू ठेवलं, आणि तेवढ्यात आम्ही बाकीचे सगळे बांधाआड पोचलो.