शेवटपर्यंत पाहणारे काका

सुरतच्या डिंडोलीत आजवर जेवढी मुलं मोबाईलवर गेमचे व्हिडिओ बघत जेवली, झोपली आणि मोठी झाली, त्यांच्यातल्या एकाच्याही आईबापानं जे केलं नाही ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी केलं. त्यांनी ते व्हिडिओ स्वतः पाहिले. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, पुढे न सरकवता, मध्ये चहालाही न उठता. मुलांनी काय बघावं यावर सल्ला देणारी माणसं मला रोज भेटतात. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. तिथल्या पालकसभेत हल्ली दुसरा विषयच निघत नाही, आणि मीही पोक्त चेहरा करून 'मोबाईल कमी द्या' एवढं सांगून मोकळी होते. पण एखाद्या आईनं 'मॅडम, यातला कुठला बघू देऊ आणि कुठला नको' असं नेमकं विचारलं की माझी बोलती बंद. काकांची होत नसे. त्यांच्याकडे वही होती.

काका मूळचे साक्रीकडचे. तरुणपणी सुरतला आले आणि उधन्यात मागावर लागले. पंधरा वर्षं त्या खडखडाटात उभं राहून कानांची वाट लागली, तेव्हा शेठनं त्यांना कापड तपासायला बसवलं. तिरकं काचेचं टेबल, खाली ट्यूबलाईट, आणि काचेवरून दिवसभर सरकणारं कोरं कापड. तुटलेला धागा दिसला, तेलाचा डाग दिसला की खूण करायची. निर्दोष ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, तो 'फ्रेश', थोडा खराब तो 'सेकंड', आणि अगदीच वाया गेलेला तो 'चिंधी'. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, नजर सुटली नाही. लग्नाच्या मांडवात सगळे नवरीकडे बघत असताना काका तिच्या शालूकडे बघत, आणि माझ्या कानाशी येऊन त्यांच्या मते हळू आवाजात सांगत, "सेकंड आहे ताई, पण आता कुणाला बोलू नका." ते चार रांगांना ऐकू जाई.

काकू गेल्यानंतरच्या वर्षी हीच नजर गेमच्या व्हिडिओंवर पडली. दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या, आणि प्रत्येक व्हिडिओसमोर शेरा. त्यांचे निकष मात्र जगात कुणाचेच नव्हते. एका व्हिडिओत बंदुका होत्या, माणसं पटापट मरत होती, आणि काकांचा शेरा 'सेकंड'. मी चकित झाले, तर म्हणाले, खेळणारा पोरगा चुकून आपल्याच साथीदाराला मारतो तेव्हा दोनदा माफी मागतो; आमच्या मागाच्या खात्यात इतकी माफी कुणी मागितली नाही. उलट शेतीचा एक अगदी निरुपद्रवी गेम, ज्यात कोंबडीला दाणे घालणं हाच काय तो थरार, तो त्यांनी सरळ 'चिंधी'त टाकला. का, तर त्यात गहू तीन दिवसांत कापणीला येतो. "पोरं खरी मानतील," ते काळजीनं म्हणाले. गाड्यांच्या शर्यतीचे सगळे व्हिडिओ नापास, कारण वळताना कुणी हात दाखवत नाही. आणि स्वयंपाकाच्या एका गेमवर त्यांनी लिहिलं होतं: 'मुलगी हुशार. हात धुतले नाहीत.'

ऐकायला कमी येत असल्यामुळे हा सगळा अभ्यास पूर्ण आवाजात चाले. दुपारी दोनच्या सुमारास आमच्या बिल्डिंगमध्ये गोळीबार सुरू होई. पहिल्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं, तेव्हा त्यांच्याकडची म्हातारी अनवाणी खाली धावत गेली होती. पण हळूहळू लोकांना सवय झाली आणि मग गरजही वाटू लागली. दुसऱ्या मजल्यावरची गुजराती शेजारीण एकदा मोबाईल घेऊन वर गेली, "काका, आ चालशे?" असं विचारायला. तिला उत्तर हवं होतं लगेच. काकांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि पन्नास मिनिटांचा तो व्हिडिओ अख्खा दाखवला. खाली तिची कढी आटून गेली. तरी ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेली. एवढं लक्ष देऊन तिच्या पोरांचा विचार दुसरं कोण करत होतं?

मी बरेच दिवस याला विरंगुळा समजत होते. निवृत्त माणसं बाग करतात, भजनाला जातात, हे आपले गेम तपासतात. खरं कारण मला संक्रांतीच्या दिवशी कळलं. सगळी सुरत गच्चीवर पतंग उडवत होती आणि काका एकटे खाली घरात, म्हणून मी तिळाचे लाडू घेऊन गेले. ते वहीवर चष्मा ठेवून बसले होते. मी सहज विचारलं, नातीचा फोन आला का? काकांचा मुलगा हैदराबादला असतो, त्याला नऊ वर्षांची एक मुलगी. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि ती आजोबांना एकाच गोष्टीविषयी सांगायची: कुणीतरी एक मुलगा गेममधल्या ठोकळ्यांच्या जगात गाव वसवतो, ते खेळता खेळता बोलतो, आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. आज त्यानं विहीर खोदली, आज त्याचा कुत्रा हरवला. काकांना अर्धं ऐकू येत नसे आणि उरलेलं समजत नसे, तरी ते 'हो, हो' म्हणत.

दिवाळीत मुलगा कुटुंबाला घेऊन आला होता. नातीनं मोठ्या हौसेनं तो व्हिडिओ आजोबांच्या हातात दिला. काकांनी पाच मिनिटं पाहिलं. अंधारी गुहा, एक सांगाडा, हातात तलवार. त्यांनी मुलाला सांगितलं, हे पोरीच्या लायकीचं नाही, बंद कर. वडिलांचा शब्द म्हणून मुलानंही त्याच संध्याकाळी बंद करून टाकलं. पोर रडली नाही. फक्त त्यानंतर रविवारी ती फोनवर यायची थांबली. कधी झोपलेली असे, कधी खाली खेळायला गेलेली.

हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते. एरवी माझ्याशी मराठीत बोलणारे काका त्या दिवशी घरच्या अहिराणीवर आले. "ताई, इतला वरीस काम करं," ते म्हणाले, "पन अख्खा ताका उलगडाना आधी शेरा कधी मारा नई. पोरीना येळले मारी दिधा."

पोरीच्या वेळी ताका न उलगडताच शेरा मारला, म्हणून ते बघत होते. बाकीचे सगळे व्हिडिओ, बंदुका, गाड्या, कोंबड्या, हे नुसतं तुलनेला. बाजारात इतर माल कसा आहे ते कळल्याशिवाय निकाल कसा देणार? मुख्य काम म्हणजे त्या गाव वसवणाऱ्या मुलाचे व्हिडिओ, आणि ते तीनशेच्या वर होते. रोज तीन, नेमानं, क्रमानं. विहीर कुठे खोदली आणि ती चुकीच्या जागी कशी होती, कुत्रा कुठे सापडला, हे सगळं काकांच्या वहीत होतं. कुत्रा सापडला त्या दिवशी ते जिना उतरून मला सांगायला आले होते. मी भाजी चिरत होते आणि मला वाटलं बिल्डिंगमधलाच कुणाचा तरी कुत्रा.

एकदा दुपारी त्यांच्याकडे डबा परत करायला गेले. दार उघडंच होतं. व्हिडिओ संपत आला होता आणि तो मुलगा हिंदीत त्याच्या बघणाऱ्यांना विचारत होता, चलो दोस्तों, अब बताओ, खाना खा लिया सबने? लाखो पोरांना विचारलेला प्रश्न. काका पाठमोरे बसले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हां बेटा, खाई लिधं." मी डबा दाराशी ठेवून परत फिरले. दिवसभरात जेवलात का असं त्यांना विचारणारा तो एकच होता, हे शेजारी राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रविवारी तपासणी पूर्ण झाली. शेवटच्या पानावर काकांनी शेरा लिहिला, वही घेऊन माझ्याकडे आले, आणि शुद्धलेखन बघायला लावलं. लिहिलं होतं: 'सर्व भाग पाहिले. मुलगा कष्टाळू आहे. शिवी नाही. सांगाडा फक्त अंधारात येतो, दिवा लावला की जातो. फ्रेश.' मी एक वेलांटी सुधारली. त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवून शेरा वाचून दाखवला. मग मुलगा म्हणाला, बाबा, ते तर मी केव्हाच सुरू करून दिलं होतं. आणि आता ती बघतही नाही. आता तिला स्केटिंगचं वेड आहे.

मला वाटलं काका फोन ठेवतील. त्यांनी विचारलं, ती आहे का तिथं? ती आली.

"मनं चुकनं, बेटा," काका म्हणाले. मग पोरीला समजावं म्हणून पुन्हा मराठीत, "माझं चुकलं."

"काय चुकलं, आजोबा?" तिनं विचारलं. खरंच तिला आठवत नव्हतं. मग तिनंच आपल्या नव्या स्केट्सचा रंग सांगितला, गुडघा खरचटला ते सांगितलं, आणि 'थांबा हं, आले' म्हणून फोन कुठेतरी टेकवून ती गेली.

ती परत आली नाही. फोन मात्र कुणी कापला नाही. मी आत जाऊन आमरसाची वाटी घेऊन आले, तर काका खुर्चीत तसेच बसलेले. समोर टेबलावर मोबाईल, त्यातून मिक्सरचा आवाज, भांड्यांचा आवाज, सुनेचं काहीतरी विचारणं, मुलाचं आतून ओरडून उत्तर, मध्येच पोरीचं हसणं. मी म्हटलं, काका, ते विसरलेत, कट करून टाकू का? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानंच मला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

मी बसले. रस तसाच राहिला. हैदराबादच्या त्या घरात पाटपाणी झालं, कुणीतरी कुणाला वाढलं, आणि आम्ही दोघं डिंडोलीत बसून ते ऐकत राहिलो.