फिरायला न्यायची बंदूक

दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, आमच्या युकॉन नदीकाठी, शिकारीला निघालेला माणूस तसं कधी बोलून दाखवत नाही. "जरा फिरून येतो" म्हणतो. जनावराचं नाव घेऊन बढाई मारली की ते त्याला ऐकू जातं, आणि मग ते आपल्या वाटेला येत नाही. अस्वलाचं नाव तर आम्ही बायकांनी घ्यायचंच नाही. इथे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही. माझी लवीन आत्या या बाबतीत फार कडक. त्यामुळे बंदूक घ्यायची वेळ आली तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार झाला.

नवरा गेल्यावरही आत्या दर हिवाळ्यात ओढ्याकाठच्या झोपडीत एकटी राहायची, सापळे लावायची. ससे आणि रानकोंबड्यांसाठी एक हलकी बंदूक न्यायची, आणि 'ते दुसरं' आलंच तर म्हणून नवऱ्याची जड रायफल. पण त्या वर्षी तिचा खांदा धरला आणि दोन्ही वाहणं जमेना. माझे वडील क्लेमेंट, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणाले की एकच नेणार असशील तर जाऊच नकोस. झोपडी सुटली असती तर आत्या गावात बसून झिजली असती. मला ते बघवलं नसतं. म्हणून मी तिला दुकानात नेलं.

दुकानदार डेल बाहेरून आलेला, पण मायाळू. त्याने विचारलं, "लवीनबाई, बंदूक कशासाठी हवी?"

"फिरायला."

"बरं. फिरताना काय मारणार?"

"फिरायला गेलेलं माणूस कशाला कुणाला मारेल?"

मी तोंड उघडलं, तर आत्याने माझ्या पायावर बूट ठेवला. माझ्या बडबडीने नदीतले मासेसुद्धा पळतात असं तिचं जुनं मत होतं, म्हणून तिने मला कधी बरोबर नेलं नव्हतं. बिचाऱ्या डेलने आधी एक हलकी बंदूक दाखवली. आत्याने नाक मुरडलं. मग जाडजूड रायफल काढली. आत्या खांदा चोळू लागली. शेवटी त्याने दोन नळ्यांची एक बुटकी बंदूक समोर ठेवली. वरच्या नळीत बारीक गोळी, खालच्या नळीत छऱ्यांचं काडतूस, आणि वेळ पडली तर त्याच नळीत एकच जाड गोळी. कोणती नळी उडवायची ते घोड्याजवळची कळ ठरवणार.

आत्याने खिशातून कातड्याचे जाड हातमोजे काढून चढवले. घोडा ओढून पाहिला, कळ सरकवून पाहिली, बंदूक उघडून मिटून पाहिली. आत एवढी ऊब असताना मोजे कशाला, असं डेलने विचारलं.

"मी काय तुझ्या दुकानात फिरणार आहे?" आत्या म्हणाली, आणि बंदूक काखोटीला मारली.

वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली. "ना धड रायफल, ना धड छऱ्याची," ते कुरकुरले.

"मी तरी कुठे धड आहे? जमेल आमचं."

यावर वडील हसले आणि तिथेच हरले.

थंडी ओसरत आली तसं तिचं सामान आणायला मी बर्फगाडीवरून गेले. धुराड्यातून धूर दिसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आत्याने सशाचा रस्सा वाढला. खिडकीत जाड गोळीचं एक रिकामं काडतूस होतं. मी विचारलं.

"बर्फ पडायच्या सुमाराला कुणी तरी दाराशी आलं होतं. आवाज ऐकून गेलं." तिने माझ्यासाठी चहा ओतला. "घाबरले होते गं मी. त्या दणक्याने खांदा गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी मला नाही जमायचं."

मी काहीच बोलले नाही. माझ्या बाबतीत ही नवलाची गोष्ट होती, आणि तिच्या ती लक्षात आली असावी. आत्याने भिंतीवरची बंदूक काढली, आपले मोजे तिच्यावर ठेवले आणि दोन्ही माझ्या मांडीवर दिले.

"इथला धूर बंद पडू देऊ नकोस," ती म्हणाली. "जा, जरा फिरून ये."

किती लांब जाऊ, काय बघू, कोणती नळी आधी, सगळं ओठांवर आलं होतं. मी फक्त "बरं" म्हटलं आणि मोजे चढवले.