काळे कपडे आहेतच

कोरगावच्या एका वाड्यावर ख्रिस्ती घरं मोजकीच, पण गुड फ्रायडेला तिथल्या कपेलापुढे, त्या लहानशा चर्चपुढे, पाय ठेवायला जागा नसे. त्याचं श्रेय पिएदाद बिनदिक्कत स्वतःकडे घेई. मिरवणुकीत वेरोनिका उभी राहते, म्हणजे ख्रिस्ताचं रक्ताळलेलं तोंड पुसणारी बाई. ती बाकावर चढते, लातीनमधलं दुःखाचं गाणं गाते आणि गाता गाता हातातला कपडा उलगडते. त्यावर काटेरी मुकुटातला चेहरा रंगवलेला असतो. ही वेरोनिका तयार करायचं काम पिएदादचं. लोक हुंदके देऊ लागले की ती भरून पावे. एरवी ती पोरांना दोत्रीन, म्हणजे धर्माचे पाठ शिकवी. देवाबद्दल काहीही विचारा, उत्तर जिभेवर तयार. ‘दर प्रस्नाक जाप आसा,’ असं ती म्हणे, आणि ती जाप आपल्यालाच ठाऊक, असा तिचा चेहरा असे.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आदल्या हिवाळ्यात भाषेवरून गोव्यात रान पेटलं होतं. रस्त्यांवर झाडं आडवी, दुकानं बंद. तशात इनास पदेर सायकलीवर पाव घेऊन निघाला, कारण पोटाला बंद कळत नाही. कुठून तरी धोंडा आला आणि त्याच्या कपाळात बसला. कोकणीवाल्यांचा की मराठीवाल्यांचा, कोणी सांगितलं नाही. धोंड्यावर कुठे भाषा लिहिलेली असते? इनास गेला. मागे त्याची धाकटी बहीण लुदविना तेवढी उरली.

त्यातच दरवर्षीची वेरोनिका लग्न होऊन वास्कोला गेली आणि पिएदादच्या तोंडचं पाणी पळालं. वाड्यावर तसा दुसरा गळा एकच, लुदविनाचा. पण ती भावाच्या लुतात, म्हणजे सुतकात होती. लुत धरलेलं माणूस वर्षभर काळं घालतं आणि गात नाही, हा रिवाज पिएदादइतका कोणाला ठाऊक! तिनेच त्यातून पळवाट काढली.

‘हें दुखाचें गायन, बाय. लुताक बादत ना,’ ती लुदविनाला म्हणाली. ‘आनी काळे कपडे तुजेकडे आसातच.’

हे शेजारच्या हिंदू घरातल्या विनोदिनीच्या कानावर गेलं तेव्हा ती कुंपणाशी आली. ‘पिदाद गे, त्या चेडवाक थंय उभा करतलस? काळीज आसा मां तुका?’

‘तुमका आमचें कळचें ना,’ म्हणून पिएदादने तिला उडवून लावलं. आतली गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. यंदाची वेरोनिका खरोखर रडणार होती.

लुदविना रोज तालमीला येई आणि रोज एकच विचारी. ‘मावशे, देवाक सगळ्यांचो मोग म्हणटात. मागीर इनासाक कित्याक मारूंक दिलो?’

‘देवान आपलो पूत खुर्सार दिलो न्ही? तूंवें भाव दिलो म्हण चिंत,’ पिएदाद सांगे, आणि लगेच, ‘आतां तो निमाणो शब्द मातसो लांबय.’

पोरगी शब्द लांबवी.

गुड फ्रायडेला घंटा मुक्या असतात, लाकडी खटखटा वाजतो. त्याच्या आवाजात मिरवणूक येऊन थांबली. लुदविना बाकावर चढली. कपड्यावरचा रंग फिका पडला होता म्हणून पिएदादने आदल्या दिवशी कपाळावरचं रक्त नव्याने लाल केलं होतं. गाण्याआधीच लुदविनाने कपडा उलगडला. ती त्या कपाळाकडे बघत राहिली. रडली नाही, आणि गायलीही नाही.

‘गाय गो!’ पिएदाद खालून दबक्या आवाजात म्हणाली.

लुदविनाने कपडा छातीशी धरला. ‘देवान आपलो पूत आपणें दिलो,’ ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. ‘हांवें म्हजो भाव कोणाक दिवंक ना. ताका मारलो. मारपी मनीस आशिल्लो, ह्याच वाटेर उबो आशिल्लो.’

कोणी हुंदका दिला नाही. कितीतरी माना खाली गेल्या. आणि पिएदादच्या तोंडून पुन्हा तेच निघालं, ‘गाय.’

मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्रुसाखाली बसून मरणाऱ्याची गंमत बघणाऱ्या शिपायांची गोष्ट ती पोरांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. आज आपण त्यांच्यातच जाऊन बसलो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. एका पोरीचं दुःख तिने चांगला गळा मिळाला म्हणून वापरलं होतं, आणि वर देवाच्या नावावर खपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुदविनाकडे निघाली. वाटेत तिने सगळी उत्तरं आठवून पाहिली. देवाची इच्छा, आदामाचं पाप, स्वर्गातलं सुख. एकेक मनात आलं आणि तिचीच तिला लाज वाटली.

लुदविना दारातल्या सोप्यावर बसली होती. तिने वर पाहिलं. ‘जाप हाडल्या, मावशे?’

‘ना गो,’ पिएदाद म्हणाली. ‘आदींय जाप नाशिल्ली. हांव उगीच सांगताली.’

लुदविना थोडी बाजूला सरकली.

‘तर मागीर बस,’ ती म्हणाली.